डेनन डीएल-१०३ : आर्म जड असेल तरच घ्या

एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेला स्टीरिओ एफएमसाठी हवे होते, म्हणून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला डेननचे हे मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज (रेकॉर्डची खाच वाचणारा सुईचा भाग; यात सुईबरोबर तारेची बारीक गुंडाळी हलते) घडले. ते आजही जवळपास त्याच रूपात मिळते. गायकाचा खर्ज, डग्ग्याची घुमक, सारंगीचा भरीव आवाज हे सगळे यावर इतके नैसर्गिक येते, की कितीतरी महागडी कार्ट्रिज त्यापुढे कोरडी वाटतात. मात्र आधी टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) आणि फोनो स्टेज (त्याचा क्षीण संकेत वाढवणारा भाग) यांची तयारी हवी.

पहिली अडचण सुईच्या ताठपणाची. कंपनी कम्प्लायन्स (सुईची लवचिकता) ५ देते, पण ते १०० हर्ट्झला मोजलेले. १० हर्ट्झला साधारण ९ धरावे. १५९ला (एकूण वस्तुमान × कम्प्लायन्स) याच्या वर्गमुळाने भागले की आर्म-कार्ट्रिजचा अनुनाद मिळतो, म्हणजे ज्या कंपनसंख्येला दोन्ही मिळून जोराने थरथरतात ती. तो ८ ते १२ हर्ट्झमध्ये बसायला हवा. कार्ट्रिज ८.५ ग्रॅम, स्क्रू-नट दीड ग्रॅम. आर्मचे प्रभावी वस्तुमान (हलताना सुईला जाणवणारे) ८ ग्रॅम असेल तर उत्तर साडेबाराच्या आसपास येते : बास पातळ, आणि जोरकस जागी सुई डळमळते. टेक्निक्स एसएल-१२००च्या १२ ग्रॅमच्या आर्मवर सव्वाअकरा, म्हणजे चालण्याजोगे. तिथेच मूळच्या साडेसात ग्रॅमऐवजी १५ ग्रॅमचे हेडशेल (कार्ट्रिज बसवायचे आर्मचे टोक) लावले की आकडा दहाच्या खाली उतरतो आणि डग्ग्याला खरे वजन येते. त्यासाठी आर्मच्या मागच्या टोकाला जोड-वजन लागते. ते आधीच मागवून ठेवा.

बसवताना स्टीलचा स्क्रूड्रायव्हर जवळ नेऊ नका. आतले चुंबक तो खेचून घेते आणि सुई गेली म्हणून समजा. प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या पट्टीवर) जुळवणी कँटिलिव्हर, म्हणजे सुई धरणारी बारीक काडी, पाहून करावी, कारण कार्ट्रिजचा बाहेरचा आकार नजर फसवतो. सुईचा भार २.५ ग्रॅम ठेवा. रेकॉर्ड जपायची म्हणून दोनवर आणाल, तर खाच सुटते आणि रेकॉर्डचे उलट जास्त नुकसान होते.

दुसरी अडचण आउटपुटची. ते जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट. साध्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) फोनो स्टेजसमोर १:१० स्टेप-अप (व्होल्टेज वाढवणारा) ट्रान्सफॉर्मर लावला की ३ मिलिव्होल्ट मिळतात आणि कार्ट्रिजला लोड (समोरचा विद्युतरोध) ४७० ओहमचा दिसतो. १:२० घेतला तर ६ मिलिव्होल्ट, पण लोड ११७ ओहमवर येतो. कंपनीची किमान अट १०० ओहमची आहे, त्यामुळे दोन्ही चालतात. पण ४० ओहमच्या या कॉइलला १:१० वर मोकळेपणा जास्त मिळतो. घरघर आली तर ट्रान्सफॉर्मर पॉवर ॲम्प्लिफायरपासून लांब न्या आणि जागच्या जागी हळूहळू फिरवा, एका कोनात ती एकदम उतरते. अर्थिंगची तार फोनो स्टेजच्या स्क्रूलाच जोडा.

आता खरी मर्यादा. सुईचे टोक गोल, शंकूच्या आकाराचे आहे. ३३⅓च्या गतीला रेकॉर्डच्या कडेला खाच सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, लेबलजवळ २१. म्हणजे तीच लहर आत खूप दाटीने कोरलेली असते आणि जाड टोकाला ती नीट वाचता येत नाही. रागाच्या लांब बाजूवर द्रुत लय आणि 'झाला' हा वादनाचा वेगवान शेवट नेमके तिथेच येतात. सुरुवातीची आलापी अप्रतिम वाजवणारे हे कार्ट्रिज शेवटच्या तानांत किंचित धूसर होते, 'स' आणि 'श' फाटतात. जुन्या नाट्यसंगीताच्या झिजलेल्या रेकॉर्डवर मात्र हेच गोल टोक खरखर कमी उचलते. असा संग्रह असेल तर मी याच्याच बाजूने आहे.

सुई घरी बदलता येत नाही. झिजल्यावर कारागिराकडून बारीक, लांबट टोक बसवून घेता येते आणि आतल्या खाचांचा प्रश्न बराच सुटतो. पण तो खर्च जड हेडशेल आणि चांगला ट्रान्सफॉर्मर घेऊन झाल्यावरच करावा.