स्मॅप उपग्रहाची ओलाव्याची माहिती: ९ किलोमीटरचा अर्थ नीट लावून वापरावी

जमिनीतील ओलाव्याच्या अभ्यासासाठी नासाच्या ‘स्मॅप’ उपग्रहाचा ९ किलोमीटर जाळीतील दैनिक माहितीसंच मी नियमित वापरतो. मोफत उपलब्ध असलेल्या अशा संचांमध्ये माझी पहिली पसंती यालाच आहे; मात्र नावातील ‘९ किलोमीटर’चा अर्थ कळल्याशिवाय त्याला हात लावू नये.

हा उपग्रह ३१ जानेवारी २०१५ रोजी सोडण्यात आला. त्यावरील रेडिओमीटर स्वतः कोणतीही लहर सोडत नाही. जमिनीतूनच निघणारे १.४१ गिगाहर्ट्झचे अत्यंत क्षीण उत्सर्जन तो ६ मीटर व्यासाच्या फिरत्या जाळीदार अँटेनाने टिपतो. माती भिजली की हे उत्सर्जन घटते आणि ब्राइटनेस टेंपरेचरचा, म्हणजे उत्सर्जनाची तीव्रता तापमानाच्या एककात सांगणारा आकडा खाली येतो. ढग असोत वा रात्र, मोजणी अडत नाही, आणि पावसाळी दिवसांत प्रकाशीय छायाचित्रे निरुपयोगी ठरतात तेव्हा हा गुण फार मोलाचा वाटतो.

आता ९ किलोमीटरविषयी. मूळ योजनेत बारीक तपशील देण्याचे काम सोबतच्या रडारकडे होते, पण ते ७ जुलै २०१५ रोजी बंद पडले. उरलेल्या रेडिओमीटरच्या नजरेत एका वेळी सुमारे ४० किलोमीटरचा भाग येतो. असे भाग एकमेकांवर चढलेले असल्यामुळे त्यांतून गणिताने ९ किलोमीटरची जाळी काढता येते. तरीही शेजारच्या चौकोनांतील आकडे बऱ्याच अंशी एकाच मोजणीचे वाटेकरी असतात. मोठ्या जलाशयाच्या काठावरचे चौकोन तपासले की हे लगेच ध्यानात येते, कारण तेथे पाण्याचे उत्सर्जन जमिनीच्या आकड्यात मिसळते आणि त्यासाठी दुरुस्ती केलेली असली तरी तो आकडा मी जपूनच वापरतो. विस्तृत प्रदेशातील दुष्काळाचा माग काढण्यासाठी हा संच उत्तम आहे, पण एखाद्या शेताला पाणी केव्हा द्यावे हे ठरवण्यासाठी तो मुळीच योग्य नाही. शिवाय हा ओलावा वरच्या सुमारे ५ सेंटिमीटर थरातला असतो, मुळांपर्यंतचा नव्हे.

प्रत्येक फाइलमध्ये सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ वाजताच्या फेऱ्यांची माहिती वेगवेगळ्या गटांत असते. मी सकाळचीच घेतो, कारण त्या वेळी माती आणि झाडोरा यांचे तापमान जवळपास सारखे असते व गणितातील गृहीतक टिकते. अचूकतेचे उद्दिष्ट मातीच्या एका घनमीटरला ०.०४ घनमीटर पाणी इतके आहे, पण त्यातून दाट वनस्पतींचे प्रदेश वगळलेले आहेत. म्हणून आकड्यावर कितपत विसंबावे हे सांगणारी गुणवत्तेची खूण न पाहता सरासरी काढणे ही मला या संचाच्या वापरातील सर्वांत मोठी चूक वाटते. रिकाम्या जागी ‘−९९९९’ भरलेले असते, तेही आधी गाळावे. एका दिवसाच्या नकाशात उपग्रहाच्या फेऱ्यांच्या पट्ट्यांमधल्या फटी राहतात. संपूर्ण चित्रासाठी दोन-तीन दिवसांच्या फाइली एकत्र घ्याव्या लागतात.