एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स : ड्युअल बूट, व्हर्च्युअल मशीन की डब्ल्यूएसएल?

मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत लॅपटॉप एकच असतो आणि त्याच लॅपटॉपवर मुलीचा अभियांत्रिकीचा अभ्यास, वडिलांच्या दुकानाचा टॅलीतला हिशेब आणि सरकारी पोर्टलवरचे अर्ज अशी सगळी कामे चालतात. टॅली प्राइमला विंडोज लागते, आणि निविदा भरण्यासाठीच्या डिजिटल सहीचे टोकनही विंडोजवरच फारशी खटपट न करता चालते. उलट ऑपरेटिंग सिस्टीम या विषयाच्या प्रात्यक्षिकांना लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचे टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करण्याची खिडकी, हवे असते. त्यामुळे विंडोज काढून टाकायचे की नाही हा प्रश्नच उरत नाही. लिनक्स त्याच्या सोबत कोणत्या पद्धतीने ठेवायचे, एवढेच ठरवायचे असते. माझ्या मते हा निर्णय दोन गोष्टींवर घ्यावा : लिनक्समध्ये रोज किती वेळ काम करायचे आहे, आणि लॅपटॉपमध्ये रॅम किती आहे.

शेल स्क्रिप्ट, सी भाषेतले प्रोग्राम, गिट आणि पायथन एवढ्यापुरतेच काम असेल, तर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच चालणारे लिनक्स, ही सर्वांत कमी जोखमीची वाट आहे. त्यासाठी डिस्कचे विभाजन करावे लागत नाही, विंडोजची होम आवृत्ती चालते, आणि एका कमांडने उबुंटू हा लिनक्सचा प्रकार बसतो. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत खराखुरा लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, असल्यामुळे पदवीच्या अभ्यासक्रमातले बहुतेक प्रयोग त्यावर होतात, आणि एनव्हिडियाचे ग्राफिक कार्ड असल्यास मशीन लर्निंगसाठीही ते वापरता येते. प्रोजेक्टच्या फाइली मात्र सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवाव्यात, कारण विंडोजच्या ड्राइव्हवरच्या असंख्य छोट्या फाइली उघडताना ते फार रेंगाळते. लिनक्सचा डेस्कटॉप रोज वापरून त्याचा सराव करायचा असेल, तर मात्र डब्ल्यूएसएल अपुरे पडते.

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे विंडोजच्या आत एका खिडकीत चालणाऱ्या आभासी संगणकात, पूर्ण डेस्कटॉप मिळतो. त्यासाठीचा व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम मोफत आहे, आतली सगळी व्यवस्था एका फोल्डरात मावते, आणि एखादा प्रयोग करण्याआधी स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घेतला की बिघाड झाल्यावर काही क्षणांत पूर्वस्थितीला येता येते. नेटवर्किंग शिकणाऱ्याला एकाच वेळी दोन-तीन यंत्रणा चालवून त्यांच्यात जोडणी करून पाहता येते, ही सोय ड्युअल बूटमध्ये (दोन्ही यंत्रणा डिस्कवर बसवून लॅपटॉप सुरू करताना एक निवडण्याच्या पद्धतीत) मुळीच नाही. पण ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आणि ब्राउझर मिळून जवळपास निम्मी रॅम खातात. उरलेल्यातली ४ जीबी पाहुण्या यंत्रणेला, म्हणजे आतल्या लिनक्सला, दिली की दोन्हीकडे काम अडखळू लागते. उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीच्या वर असताना दोन यंत्रणांचा भार वाहणारा लॅपटॉप तापतो, आणि तापला की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो. १६ जीबी रॅम असेल तर व्हर्च्युअल मशीन सुखाने चालते. ८ जीबीवर ते अधूनमधून वापरण्यापुरतेच ठेवावे.

रोजचे तीन-चार तास लिनक्समध्येच जाणार असतील, तर ड्युअल बूटला पर्याय नाही. पूर्ण रॅम, पूर्ण प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड त्या वेळी चालू असलेल्या एकाच यंत्रणेला मिळते, त्यामुळे ८ जीबीचा साधा लॅपटॉपही हलका वाटतो. त्याची किंमत म्हणून टॅलीत एक नोंद करायची असली तरी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. शिवाय हा एकच पर्याय असा आहे की त्यात विंडोजच्या डिस्कला हात लागतो, म्हणून पूर्वतयारीवर इथे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली बाब बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन केल्यावर, डिस्कचे एन्क्रिप्शन मालकाला पत्ताही न लागता सुरू झालेले असते. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे फक्त विश्वासार्ह सही असलेली यंत्रणा सुरू होऊ देणारी सोय, बदलले की पुढच्या वेळी निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो; ती नसेल तर आतली माहिती परत मिळत नाही. म्हणून ती की मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच काढून कागदावर लिहून ठेवावी, आणि दुकानाच्या हिशेबाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा. या दोन गोष्टी होईपर्यंत पुढे जाऊ नये.

त्यानंतर विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आक्रसून लिनक्ससाठी निदान ५० जीबी जागा मोकळी करावी. डिस्कवर शंभर जीबी रिकामी असूनही तिथे कधीकधी दहाच जीबी मिळतील असे दिसते, कारण न हलवता येणाऱ्या काही सिस्टीम फाइली मधोमध बसलेल्या असतात. अशा वेळी हायबरनेशन आणि सिस्टीम रिस्टोर तात्पुरते बंद करून पुन्हा पाहावे. हे काम चार्जर लावून आणि बॅटरी पूर्ण भरूनच करावे. ज्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली आहे आणि जो केवळ चार्जरवर चालतो, तो भारनियमनाच्या वेळेत या कामाला घेऊच नये, कारण विभाजन बदलत असताना वीज गेली तर दोन्हीकडची माहिती धोक्यात येते.

विंडोजचे फास्ट स्टार्टअपही बंद करावे. ते चालू असल्यास विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपलेले राहते, आणि लिनक्समधून त्याचे ड्राइव्ह उघडले तर फाइल वाचता येते, पण लिहिता येत नाही. आणखी एक गोष्ट नवख्याला हमखास गोंधळात टाकते : लिनक्स वापरून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. त्यात बिघाड काहीच नसतो. लॅपटॉपच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी एक सेटिंग केली की हा प्रश्न मिटतो.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधीकधी लॅपटॉप सुरू होताना यंत्रणा निवडायचा लिनक्सचा मेनू दिसेनासा होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटमुळे सिक्युअर बूट चालू असलेल्या अनेक ड्युअल बूट लॅपटॉपांवर लिनक्स सुरूच होईना. मेनू नाहीसा झाला म्हणजे लिनक्स पुसले गेले असे नव्हे. बहुतेक वेळा बायोसमध्ये बूटचा क्रम बदलल्यावर ते परत दिसते, त्यामुळे घाईने पुन्हा इन्स्टॉल करू नये.

पेनड्राइव्हवरचे लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारे, चाचणीसाठी उत्तम आहे, पण कायमच्या कामासाठी नाही. ड्युअल बूट ठरवण्याआधी मात्र त्यावरून लॅपटॉप सुरू करून वायफाय, आवाज आणि टचपॅड चालतात का, शिवाय इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी नीट उमटते का, हे तपासून पाहावेच. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबी डेटावर उबुंटूची पाच-सहा जीबीची फाइल उतरवणे अवघड जाते. लिनक्स मिंट या दुसऱ्या प्रकाराची फाइल तिच्या निम्म्याच्या आसपास असते, किंवा महाविद्यालयाच्या वायफायवरून ती उतरवून घेता येते.

लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीसाठी रिकामी जागा असेल, तर मी विद्यार्थ्याला तोच खर्च करायला सांगेन. लिनक्स स्वतंत्र डिस्कवर बसवले की विंडोजचे विभाजन आक्रसावे लागत नाही, आणि पुढे लिनक्स काढायचे झाल्यास टॅलीच्या डिस्कला धक्का लागत नाही. मात्र इन्स्टॉल करताना बूटलोडर (यंत्रणा सुरू करणारा छोटा प्रोग्राम) हाही त्या नव्या डिस्कवरच जात आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. खात्री नसेल तर तेवढ्या वेळेपुरती विंडोजची डिस्क काढून ठेवावी.