अडलेल्या मांडणीसाठी पत्त्यांचा संच : ऑब्लीक स्ट्रॅटेजीज

संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी १९७५ साली काढलेला ‘ऑब्लीक स्ट्रॅटेजीज’ हा शंभराहून अधिक पत्त्यांचा संच आजही विकत मिळतो. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या ५०० प्रती निघाल्या होत्या. पुढे ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी यांच्या ध्वनिमुद्रणांच्या वेळी ईनो यांनी हे पत्ते वापरल्याने संगीतक्षेत्रात त्यांचा बराच बोलबाला झाला. मात्र संचाच्या दोन जनकांपैकी एक चित्रकार असल्यामुळे ग्राफिक डिझाइनच्या टेबलावर तो परका वाटत नाही. मी तो मुख्यतः मुखपृष्ठे आणि निमंत्रणपत्रिकांच्या कामासाठी वापरला.

पत्त्यांवर चित्रे नाहीत; प्रत्येकावर एखादे त्रोटक वाक्य, बहुधा आज्ञार्थी. काम अडले की पत्ते पिसून एक ओढावा आणि त्याचा प्रस्तुत कामाशी संबंध उमगला नाही तरी त्यावर भिस्त ठेवावी, अशी सूचना सोबत दिलेली आहे. सारी मदार या शिस्तीवर आहे. मनाजोगता पत्ता येईपर्यंत ओढत राहणाऱ्याने पैसे वाचवलेले बरे.

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचे उदाहरण घेतो. पणती, रांगोळी आणि निरांजन घेतलेली स्त्री यांपलीकडे कल्पना सरकत नसताना, रिकाम्या जागेला देखण्या चौकटीत बसवून मोल आणावे, अशा आशयाचा पत्ता निघाला. त्याबरहुकूम मधला भाग मोकळा ठेवला आणि एरवी तळाच्या पट्टीत कोंबली जाणारी लेखकांची नावे चारही कडांनी फिरवून त्यांचीच चौकट केली. उभ्या कडांवर देवनागरी अक्षरे एकाखाली एक रचली की शिरोरेषा तुटते, त्यामुळे तेथे संपूर्ण ओळ काटकोनात वळवावी लागली आणि त्या वळणानेच चौकटीला गती आली. (संपादकांनी मध्यभागी एक पणती घालून घेतलीच, पण ती लहान होती.) दुसऱ्या खेपेस, चुकीला दडलेला हेतू समजून मान द्यावा, असे सांगणारा पत्ता आला तेव्हा समोर स्क्रीन प्रिंटिंगचे प्रूफ होते आणि त्यात लाल रंग पिवळ्यावरून किंचित सरकला होता. ती सरक मुद्दाम वाढवल्यावर अक्षरांना दुहेरी कड मिळाली आणि वेगळ्या सजावटीची गरजच उरली नाही.

विचारमंथनाच्या बैठकीतून कल्पनांची संख्या वाढते. हा संच हाती असलेल्या एकाच कल्पनेची दिशा बदलतो. म्हणूनच कामाच्या आरंभी तो निरुपयोगी ठरतो. ग्राहक कोण, मजकूर किती, छपाई कशावर, ही माहिती गोळा झालेली नसेल तर कोणताही पत्ता ती पुरवणार नाही. काही सूचना ध्वनिमुद्रणालाच लागू पडतात आणि त्यांतून मांडणीसाठी अर्थ काढताना ओढाताण होते. शिवाय ग्राहक शेजारी बसलेला असताना पत्ते पिसू नयेत; आपल्या पैशांचा जुगार चालला आहे, असा त्याचा ग्रह होण्याची शक्यता दाट असते.

परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून किंमत नुसत्या पत्त्यांच्या मानाने जड वाटते. मोबाइलवर तशाच धर्तीची अ‍ॅप्स मिळतात, परंतु तेथे नावडती सूचना बोटाच्या एका स्पर्शाने उडवता येते आणि शिस्त टिकत नाही. एकट्याने काम करणाऱ्या डिझायनरने कागदी संच जरूर घ्यावा. चार-पाच जणांच्या स्टुडिओत मिळून एक पुरेसा आहे.