जुनी शिडाची बोट घेण्याआधी सर्व्हेअर लावला, त्याला नऊ महिने झाले

मी मूळचा मालवणचा, आता साउदॅम्प्टनला राहतो. गेल्या सप्टेंबरात हॅम्बल नदीत उभी असलेली 1984 ची 29 फुटी फायबरग्लासची स्लूप, म्हणजे एका डोलकाठीची शिडाची बोट, घेतली. हिवाळाभर ती जमिनीवर होती, एप्रिलपासून जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवारी सॉलेंटमध्ये, म्हणजे साउदॅम्प्टनसमोरच्या सामुद्रधुनीत, आहे. सर्व्हेअरच्या, म्हणजे घेण्याआधी बोट तपासून देणाऱ्या तज्ज्ञाच्या, अहवालातलं काय खरं ठरलं आणि काय त्यात नव्हतंच, ते आता खात्रीने सांगता येतं.

ब्रोकरने पहिल्याच भेटीत तीन वर्षांपूर्वीचा अहवाल पुढे केला. "हाच वापरा, पैसे वाचतील," म्हणाला. कृपा करून असं करू नका. सर्व्हेअर ज्याच्याकडून पैसे घेतो त्यालाच बांधील असतो. दुसऱ्यासाठी केलेल्या अहवालात काही राहून गेलं असेल, तर तुम्हाला दाद मागता येत नाही. ब्रोकरने सुचवलेली नावंही मी बाजूला ठेवली. यॉट डिझायनर्स अँड सर्व्हेयर्स असोसिएशनच्या सभासदांतून माणूस निवडला आणि त्याचा व्यावसायिक विमा चालू आहे का, ते लेखी मागून घेतलं. फी 640 पाउंड. बोट उचलून, धुऊन, पट्ट्यांवर टांगून ठेवायचे 290 वेगळे. दोन्ही खर्च माझेच. सौदा सर्व्हेच्या अटीवर होता, म्हणून 10 टक्के विसार अडकायची भीती नव्हती.

त्या दिवशी मी रजा काढून हजर राहिलो, आणि त्याचा उपयोग अहवालाच्या चोवीस पानांपेक्षा जास्त झाला असं मला वाटतं. आई बाजारात माठ टिचक्या मारून घ्यायची, तसा हा माणूस छोट्या हातोडीने अख्खा तळ वाजवत गेला. भरीव जागी टणक आवाज, थर सुटले असतील तिथे बद्द. डेकवर डोलकाठीच्या पायथ्याशी हातभर जागा बद्द वाजली आणि ती मलाही ऐकू आली. तिथे दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असतं. जुन्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी झिरपून ते कुजलं होतं.

तळाला ओलावा मोजायचं मीटर लावलं, तेव्हा आकडे इतके चढले की माझा धीर सुटला. त्याने शांतपणे समजावलं: बोट तासाभरापूर्वी पाण्यातून निघाली आहे, आजच्या आकड्यांवर निकाल देता येत नाही. ऑस्मोसिसचे, म्हणजे फायबरग्लासमध्ये पाणी मुरून येणारे, फोड आले असते, तर ते फोडून व्हिनेगरसारखा वास येतो का ते पाहिलं असतं. इथे एकही फोड नाही. हिवाळाभर वाळू द्या, पुन्हा मोजा. मोजलेल्या जागी त्याने मेणाच्या पेन्सिलीने गोल काढून ठेवले. मार्चमध्ये भाड्याने मीटर आणून त्याच गोलांत मोजलं, आकडे छान उतरले होते.

सर्वांत मोलाचं निघालं ते सीकॉकचं. तळातून पाणी आत-बाहेर नेणाऱ्या या झडपा पितळी होत्या. खरवडल्यावर सहापैकी दोन तांबूस गुलाबी निघाल्या. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून गेलं की मागे ठिसूळ तांबं उरतं. फेब्रुवारीत बदलायला घेतल्या, तर एकीचं तोंड हातात तुटून आलं. हेच पाण्यात झालं असतं तर, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. आता सहाही ब्राँझच्या आहेत.

कीलबद्दल, म्हणजे बोटीला तोलून धरणाऱ्या तळाखालच्या जड पात्याबद्दल, मी खोदून विचारलं. 'चीकी राफिकी' ही शिडाची बोट मे 2014 मध्ये अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला परतत असताना अटलांटिकमध्ये तिची कील सुटली आणि तिच्यावरचे चौघेही गेले. या गावात बोट घेताना ते विसरता येत नाही. त्याने सांधा तपासला, आतून बोल्टची डोकी पाहिली आणि स्पष्ट लिहिलं की बोल्टचा मधला भाग काढल्याशिवाय दिसत नाही. असं प्रामाणिकपणे लिहिणारा माणूस मला हवा होता.

अहवालाच्या जोरावर 11,500 ची बोट 9,900 ला मिळाली. पण सर्व्हेअर डोलकाठीवर चढत नाही. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांपुढे त्याने 'वय अज्ञात' एवढंच लिहिलं. विमा कंपनीने रिगरचा, म्हणजे डोलकाठी आणि तारांचं काम करणाऱ्या कारागिराचा, दाखला मागितला, रिगरला एका तारेच्या टोकाला तडा सापडला, आणि सगळ्या तारा बदलायला 2,100 पाउंड गेले. सौदा ठरल्यावर! रिगरला आधीच बोलावलं असतं, तर तेही किमतीतून वजा झाले असते.

इंजिनाचंही तसंच. त्याने ते फक्त चालू करून पाहिलं. मे महिन्यात सॉलेंटच्या पश्चिमेकडच्या हर्स्ट कॅसलच्या अरुंद तोंडाशी, उधाणाच्या ओढीत, ते तापून बंद करावं लागलं. वारा होता म्हणून शिडांवर जवळचं यार्मथ बंदर गाठलं. एग्झॉस्टचा एल्बो, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप, काजळी आणि मिठाने बुजला होता. मेकॅनिकला तो उघडून पाहायला अर्धा तास लागला.

डेकची कुजलेली जागा यंदा ऑक्टोबरात उघडणार आहे. वरचा थर कापल्यावर कूज कुठवर गेली ते पाहायला त्याच सर्व्हेअरला बोलावलंय, दोन तासांच्या फीवर. तो येतो म्हणाला.