स्क्रीनवर व्होल्टेज दिसतंय म्हणजे टेलिमेट्री आहे, असं समजू नका

आरसी, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाडीसाठी टेलिमेट्रीवाला रेडिओ (रिमोट आणि रिसीव्हरचा सेट) सेकंडहँड घ्यायच्या विचारात जे कुणी असतील, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्याने मला गंडवलं त्याचं नाव इथे देत नाही, तक्रार केलेली आहे आणि ती तिच्या मार्गाने जाईल. पण त्याची पद्धत मात्र सविस्तर सांगणार आहे, कारण ती इतकी सोपी आहे की उद्या दुसरा कुणीही ती वापरेल.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. साध्या रेडिओत संवाद एकेरी असतो. रिमोट सांगतो, गाडीतला रिसीव्हर ऐकतो. टेलिमेट्रीत रिसीव्हरही उलट बोलतो: बॅटरीचं व्होल्टेज, मोटरचं किंवा इंजिनाचं तापमान, आरपीएम (मिनिटाला फेरे) असे आकडे रिमोटच्या स्क्रीनवर येतात. म्हणजे टेलिमेट्री एकट्या रिमोटमध्ये असून भागत नाही, रिसीव्हरही तिला लायक लागतो आणि दोघांमधली पद्धतही दुहेरी लागते. फुटाबा या जपानी कंपनीच्या काही रिमोटमध्ये टी-एफएचएसएस आणि एस-एफएचएसएस अशा दोन्ही पद्धती मेनूतून निवडता येतात. त्यातली पहिली दुहेरी, दुसरी एकेरी. सॅन्वा या दुसऱ्या कंपनीकडे तसंच एफएच४टी आणि एफएच३. उत्तम टेलिमेट्री रिमोटसुद्धा एकेरी पद्धतीवर साध्या रिसीव्हरशी बाइंड होतो, म्हणजे जोडला जातो, आणि गाडी अगदी व्यवस्थित पळते. फसवणुकीला जागा मिळते ती नेमकी इथे.

मला टेलिमेट्री हवी होती ती हौस म्हणून नव्हे. माझ्या १/१० मापाच्या बग्गीतला ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) जुना, ब्रश मोटरच्या काळातला आहे, त्यात लायपोसाठी, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीसाठी, व्होल्टेज घसरल्यावर मोटर बंद करणारा कटऑफ नाही. दोन सेलचा लायपो पूर्ण भरला की ८.४ व्होल्ट, आणि सेलमागे ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब व्हायला लागतो. त्यामुळे ७ व्होल्टला रिमोटवर अलार्म वाजावा, एवढीच गरज होती.

पुण्यात सिंहगड रोडला एका सोसायटीतल्या फ्लॅटमधून हा मुलगा आरसीचं सामान विकतो. बोलायला अतिशय गोड, प्रत्येक वाक्याला "दादा". जपानी कंपनीचा रिमोट, रिसीव्हर, मूळ खोका, पुस्तिका, सगळं मिळून साडेअठरा हजार. तापमानाचा सेन्सर कुरिअरने येतोय म्हणून त्याचे वेगळे बाराशे. बिल मागितलं तर म्हणाला, "दादा, वापरलेल्या मालाला कुठलं बिल? काही झालं तर मी इथेच आहे ना."

त्याने डेमो दिला तो असा. गाडी स्टँडवर, चाकं अधांतरी. रिमोट चालू केला, स्क्रीनवर ७.९ आकडा. "हे बघा दादा, गाडीच्या पॅकचं व्होल्टेज. लाइव्ह." मी मल्टीमीटर घेऊनच गेलो होतो. पॅकवर लावला तर ७.८८. आकडा जुळला. यापुढे शंका घ्यायला जागा कुठे होती?

जागा होती, पण ती त्याने विचार करून बुजवली होती. रिमोटमध्येसुद्धा त्याने दोन सेलचाच लायपो घातला होता आणि दोन्ही पॅक सारखेच चार्ज करून ठेवले होते. स्क्रीनवरचा ७.९ हा रिमोटच्या स्वतःच्या बॅटरीचा आकडा होता. गाडीकडून काहीही येत नव्हतं.

हे कळलं ते मोशीच्या बाजूच्या एका मोकळ्या मैदानावर. गाडी मंदावली, मग थांबली. रिमोट ७.६ दाखवत होता आणि अलार्म गप्प. पॅक बाहेर काढला तर हाताला गरम आणि मधोमध फुगलेला. मीटर लावला: ४.९ व्होल्ट. एका हातात ७.६ दाखवणारा रिमोट आणि दुसऱ्या हातात ४.९ दाखवणारा मीटर. फुगलेला लायपो पुन्हा चार्ज करणं म्हणजे घरात आग लावून घेणं, त्यामुळे तो पॅक कायमचा बाद झाला.

घरी येऊन रिमोटचा मेनू उघडला तर रेडिओची पद्धत एकेरीवर ठेवलेली. दुहेरीवर घेतली तर रिसीव्हर बाइंडच होईना. मग रिसीव्हरकडे नीट पाहिलं. वरचं स्टिकर नखाने उचललं तर खाली दुसरं स्टिकर, वेगळ्याच स्वस्त मॉडेलचं. शेवटी चार स्क्रू काढून तो उघडला. बाहेरून "सेन्सर" लिहिलेल्या खाचेत तीन चकचकीत पिना होत्या, पण आत त्यांची टोकं बोर्डापर्यंत पोचतच नव्हती. गोंदाच्या एका थेंबावर नुसत्या उभ्या केलेल्या. कुणीतरी बसून, वेळ खर्चून, मला फसवण्यासाठी हे काम केलं होतं. पैशांपेक्षा या गोष्टीचा संताप मला जास्त आला.

खऱ्या रिसीव्हरचं काय झालं, तेही पुढे कळलं. पिंपरीतल्या एका ओळखीच्या हौशी माणसाने त्याच मुलाकडून सुटा टेलिमेट्री रिसीव्हर घेतला होता, त्याच आठवड्यात. त्यालाही सांगताना "एका सेटमधला एक्स्ट्रा आहे" म्हणून दिला. म्हणजे खोक्यातला अस्सल माल वेगळा विकायचा आणि खोक्यात नकली भरून तो पुन्हा पूर्ण किमतीला विकायचा.

आता तपासायचं कसं. सगळ्यात पक्की चाचणी अशी: रिमोट चालू ठेवून गाडीचा स्विच बंद करा. अस्सल टेलिमेट्री असेल तर गाडीकडचा आकडा काही क्षणांत गायब होतो, त्या जागी रेघा येतात किंवा रिमोट सिग्नल गेल्याची सूचना देतो. आकडा जागच्या जागी राहिला तर सरळ उठून निघा. दुसरं, स्क्रीनवर आकड्याशेजारी काय लिहिलंय ते वाचा, टीएक्स (रिमोट) की आरएक्स (रिसीव्हर). विकणारा बोलत असताना आपण आकड्याकडे बघतो, शेजारच्या दोन अक्षरांकडे बघत नाही.

एक गोष्ट प्रामाणिक विकणाऱ्यालाही बरेचदा ठाऊक नसते. अस्सल रिसीव्हरसुद्धा कुठलीही जादा वायर न जोडता जे व्होल्टेज पाठवतो ते बहुधा त्याला स्वतःला मिळणारं, म्हणजे ईएससीमधल्या बीईसीचं (रिसीव्हर आणि सर्व्होला ठरावीक व्होल्टेज पुरवणाऱ्या सर्किटचं) असतं. ते ६ व्होल्टच्या आसपास शेवटपर्यंत जवळजवळ तसंच राहतं, पॅक रिकामा होत आला तरी. पॅकचं खरं व्होल्टेज हवं असेल तर रिसीव्हरला बाहेरचं व्होल्टेज मोजायची सोय आहे का ते विचारा आणि ती वायर पॅकला जोडून घ्या. स्टिअरिंग जोरात फिरवून सर्व्होवर (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरवर) ताण दिला की बीईसीचा आकडा किंचित खाली येतो, पॅकचा आकडा भरधाव थ्रॉटलला खाली येतो. आकडा हलला पाहिजे. ताण देऊनही मख्खपणे एका जागी बसलेला आकडा बहुधा गाडीचा नसतो.

आणि फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की गाडी आपोआप थांबवण्याची सोय. या नकली रिसीव्हरची सर्वांत धोकादायक बाब ती होती. गाडी स्टँडवर ठेवून अर्धा थ्रॉटल दिला आणि रिमोट बंद केला. चाकं थांबायला हवी होती. ती तशीच फिरत राहिली, मी बॅटरी उपटेपर्यंत. आमच्या मैदानाच्या कडेला रोज पोरं क्रिकेट खेळतात. दीड-दोन किलोची गाडी सिग्नल तुटल्यावर त्याच वेगाने त्यांच्यात घुसली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही. ही चाचणी घरी आल्यावर नव्हे, पैसे देण्याआधी करा, आणि चाकं अधांतरी ठेवूनच करा.

विकणाऱ्याला फोन केला तर आधी "दादा, तुम्हीच उघडून बिघडवलंय", मग नंबर ब्लॉक. सेन्सर आलाच नाही. सुदैवाने सगळे पैसे यूपीआयने दिले होते आणि चॅटमध्ये त्याने स्वतः "टेलिमेट्री फुल वर्किंग" असं लिहिलेलं आहे. त्याचे स्क्रीनशॉट, दोन्ही स्टिकरचे फोटो आणि उघडलेल्या रिसीव्हरचा फोटो जोडून पोलिसांकडे अर्ज दिला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. तो नेमाने माल विकतो, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगातही जाणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि २ वर्षांची मुदत असते. ऑनलाइन पैसे पाठवल्यावर माल आलाच नाही, असं कुणाचं झालं असेल तर त्यांनी वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा.

सिंहगड रोडकडून असा सेट कुणी घेतला असेल तर आज रिसीव्हरच्या स्टिकरचा कोपरा उचलून बघा. खाली दुसरं स्टिकर निघालं तर ते काढून टाकू नका, दोन्ही दिसतील असा फोटो काढा आणि मला कळवा. पिंपरीचे ते गृहस्थ त्यांच्याकडच्या रिसीव्हरचा अनुक्रमांक द्यायला तयार आहेत. माझ्या खोक्यावरचा अनुक्रमांक त्याच्याशी तंतोतंत जुळतो.