कंबर तलाव: जलपर्णी काढायची की सांडपाणी अडवायचं?

सोलापूरच्या धर्मवीर संभाजी तलावावर, म्हणजे आपल्या कंबर तलावावर, जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरला की यंत्र लावून ती उपसा, ही मागणी ठरलेली. काम डोळ्यांना दिसतं, फोटोही छान येतात. पण ही वनस्पती अनुकूल हवेत साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचं बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. शिवाय काढलेला ढीग काठावरच कुजला, तर त्यातली पोषकद्रव्यं पावसाबरोबर परत पाण्यातच.

दुसरा मार्ग नाले अडवून सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे वळवण्याचा. जलपर्णीला पोसतात सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस; ते थांबले की वाढ मंदावते. पाणथळ जागांसाठीच्या 2017च्या नियमांतही प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला मनाई आहेच. हे काम महाग, रटाळ आणि जमिनीखालचं. (त्याच्या उद्घाटनाला फीत कुठे बांधणार?) शिवाय गाळात साठलेला फॉस्फरस पुढची काही वर्षं झिरपत राहतोच, त्यामुळे उपसाही लगेच बंद करता येणार नाही. तरी निधी एकाच कामाला पुरणार असेल, तर माझं मत आधी नाल्यांना. उपसा पावसाळ्यापूर्वी एकदा, आणि काठची उथळ जागा पाणपक्ष्यांसाठी न खरवडता.