भिंतीवरच्या तीन चौकटी आणि माझे 22 हजार

मी पुण्यात घरोघरी पेशंट सांभाळते. आमच्यात त्याला ‘ड्युटी’ म्हणतात, 12 तासांची नाहीतर 24 तासांची. गेल्या वर्षी व्हॉट्सअॅपवर जाहिरात आली: ‘पॅलिएटिव्ह केअर असिस्टंट. तीन महिन्यांचा सरकारमान्य कोर्स. नोकरीची हमी.’ पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारातल्या पेशंटचा त्रास कमी करणारी सेवा. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटकडे जायला बायका तयार नसतात, हे मला कामातूनच ठाऊक होतं. त्यामुळे संशय आला नाही. नुकतीच भिशी लागली होती, ती सगळी फीमध्ये घातली. 22 हजार. वर बारावीची मूळ गुणपत्रिकाही ‘व्हेरिफिकेशनसाठी’ ठेवून घेतली.

ऑफिसात भिंतीवर तीन चौकटी होत्या. एक आयएसओची, एक उद्यम नोंदणीची, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सरकारी नोंदणीची, एकीवर मोठा अशोकस्तंभ. आम्ही सगळ्या तिथेच गार झालो.

तीन महिन्यांचे वर्ग अठरा दिवसांत आटोपले. बीपी मोजणं, चादर बदलणं, बाकी स्क्रीनवरची चित्रं. ‘हॉस्पिटल ट्रेनिंग’ म्हणजे एका नर्सिंग होमच्या काउंटरमागे फायली लावणं. मी विचारलं, “सर, पेशंट जायला लागला तर काय करायचं?” म्हणाले, “डॉक्टरांना फोन करायचा, अजून काय!”

पहिली ड्युटी कोथरूडला, यकृताचा कॅन्सर झालेले आजोबा. त्यांची बायको, म्हणजे काकू, खचून गेल्या होत्या. मी आपलं सांगत राहिले, “दोन घास पोटात गेले की ताकद येईल, काकू.” गुरगुट्या भाताचा चमचा तोंडात घातला आणि आजोबांना असा ठसका लागला की ओठ निळे पडले. मुलगा ओरडला, “तुम्ही ट्रेन्ड आहात ना?” त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी होमकेअरच्या टीममधल्या सिस्टर आल्या. त्यांनी तासाभरात जे शिकवलं, ते अठरा दिवसांत कुणी उच्चारलंही नव्हतं. या टप्प्यावर भूक मरते, गिळणं अवघड होतं. बळेच भरवू नका, ओल्या कापसाने ओठ आणि तोंड ओलं ठेवा. कुशीवर झोपवा, दर दोन तासांनी कूस बदला. काकूंनी मॉर्फिनच्या, म्हणजे तीव्र वेदना कमी करणाऱ्या गोळ्या कपाटात कुलपात ठेवल्या होत्या, ‘सवय लागेल’ म्हणून. आजोबा कण्हले की एक द्यायच्या. सिस्टर म्हणाल्या, घड्याळ बघून चार चार तासांनी द्यायच्या, सोबत पोट साफ होण्याचं औषध. श्वास मध्येच थांबेल, पुन्हा सुरू होईल, पाय गार पडतील, तेव्हा धावपळ करायची नाही. आणि काकूंना बाजूला घेऊन सरळ सांगितलं, “दिवस थोडे आहेत. बोलायचं ते बोलून घ्या, त्यांना ऐकू येत असेल.” तिसऱ्या रात्री आजोबा गेले. काकूंचा हात त्यांच्या हातात होता.

सिस्टरनी माझं सर्टिफिकेट बघितलं आणि काही न बोलता परत दिलं.

नंतर एकेक उलगडलं. आयएसओ ऑफिसचा कारभार कसा चालतो एवढंच सांगतं, अभ्यासक्रमाला मान्यता देत नाही. उद्यम नोंदणी तर आधार कार्डावर ऑनलाइन कुणालाही मिळते. सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड त्यांच्याच वेबसाइटवर जात होता. घरी पेशंट सांभाळण्याचा मान्य कोर्स हवा असेल, तर हेल्थकेअर सेक्टर स्किल काउन्सिल या आरोग्यक्षेत्रातल्या कौशल्य-प्रशिक्षणाच्या संस्थेकडे कोर्स चालवणाऱ्यांची खात्री करता येते. तीन महिन्यांत ‘नर्स’ करतो म्हणणारा तर सरळ खोटं बोलतो. एएनएम, म्हणजे सहायक नर्स व्हायलाच दोन वर्षं लागतात. मला कुणी वारज्याला सिप्लाच्या पॅलिएटिव्ह केंद्रात जाऊन विचार म्हणालं असतं, तरी भागलं असतं. ते 1997पासून आहे, माझ्या घरापासून एका बसवर, आणि मी तिथे चौकशीला गेलेच नाही.

नोकरीची हमी म्हणजे त्यांचाच ब्युरो, पेशंटकडे बायका पाठवणारा. पहिल्या महिन्याचा अर्धा पगार कमिशन म्हणून कापला. गुणपत्रिका ‘बाकी 4 हजार’ दिल्याशिवाय देईनात. शेजारच्या दादाला घेऊन पोलीस चौकीत गेले, तेव्हा तासाभरात मिळाली. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही केली. पैसे अजून आलेले नाहीत.

त्यांच्या नव्या जाहिरातीत माझा फोटो आहे. खाली लिहिलंय, ‘आमची यशस्वी विद्यार्थिनी’. काढा म्हणून दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा पलीकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, नवीन बॅच सोमवारपासून आहे, नाव लिहू का?”